कागदाची पट्टी

माझी शेवटची पोस्टिंग बर्फातल्या एका पोस्टवर होती. रँक हवालदार, ट्रेड रेडिओ मेकॅनिक. एवढी सर्व्हिस करून कुंडलच्या घरात एक इन्व्हर्टर धड बनत नाही, याचा मला लय वैताग आला होता.

इन्व्हर्टर दहिवडीच्या मावशींसाठी. माझ्या पोस्टवरच्या नाईक मारुतीच्या या आई. त्यांना ऑक्सिजनचं मशीन लागतं आणि लाईट सारखी जाते. विकतचा इन्व्हर्टर मशीन सुरू होताच ट्रिप होऊन बंद पडायचा, म्हणून मी घरी बनवायला घेतला. त्यातला चोक, म्हणजे गाभ्यावर गुंडाळलेली तांब्याची तार, मीटरवर झकास दिसायचा. लोड दिला की तापायचा आणि ट्रान्झिस्टर जाळायचा. तीन दिवसांत तीन चोक गेले.

बायको म्हणाली, "आवं, मीटर बरोबर दावतोय न्हवं?"

"मीटरचं नाव काढू नकोस," मी खेकसलो. तिचा काही दोष नव्हता.

पोस्टवर रेडिओचा पॉवर सप्लाय मी दुरुस्त केला, तेव्हाही मीटरवरच भागवलं होतं. चोकच्या गाभ्याच्या दोन तुकड्यांमधे कागदाची पट्टी असते. ती मला कचरा वाटली. काढली, तर मीटरवरचा आकडा उलट वाढला. मी खूश. मारुती म्हणाला, "उस्ताद, लोड लावून बघा की." बॅटरी कशाला उतरवायची, म्हणून मी पांढरी टेप चिकटवून वर 'ओके' लिहिलं.

दुसऱ्या दिवशी मारुती दोन जवान घेऊन पेट्रोलला, म्हणजे गस्तीला, गेला. दुपारी १४१० ला बेसचा मेसेज आला. "उतारावरचा बर्फ कच्चा आहे. पेट्रोल थांबवा. ओव्हर." ऐकताना सेट ठीक होता. मी बोलायला बटण दाबलं, लोड वाढला आणि सेट बंद पडला. चोक उघडून पट्टी परत घालेपर्यंत १४३२ झाले.

"मारुती, थांब. ओव्हर."

तोवर उतारावरचा बर्फ कोसळला होता. मागचे दोघे वाचले. मारुती पुढं होता.

चौथ्या चोकला मी जाड पट्टी घातली. लोड म्हणून शंभर वॉटचे चार बल्ब लावून दोन तास समोर बसलो. चोक नुसता कोमट झाला.

दहिवडीत इन्व्हर्टर जोडल्यावर मावशींनी मेन स्विच स्वतः बंद केला. मशीन चालू राहिलं.

"मारुती म्हणायचा, उस्तादचं काम पक्कं असतंय."

"मावशी, त्या दिवशी न्हवतं. लोड लावा म्हणून त्यानं सांगितलं हुतं. मी लावला न्हाई."

त्यांनी इन्व्हर्टरवर हात ठेवला.

"ह्याला लावलास?"

"व्हय. दोन तास."

"मग ऱ्हाऊ दे हितंच. च्या घे."

इन्व्हर्टरवर पांढरी टेप आहे. तिच्यावर मी 'ओके' लिहिलेलं नाही. लोड टेस्ट, दोन तास, आणि खाली नाव: नाईक मारुती.