मावशीनं न घेतलेली माफी

"आधी गिळा, मग रडा," असं म्हणत मावशी लापशीची पळी अशी आदळायची, की ताटलीसकट धरणारा खाली वाकायचा. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. कचेरीवर नवी पाटी लागली, साहेब आले, जीपगाड्या आल्या. पावसाला तेवढी बदलीची ऑर्डर मिळाली नसावी. त्या दुष्काळात मिशनच्या आवारात दुपारी गरम लापशी मिळायची, ती रांधायची मावशी. समोर माझं किराणा दुकान. तिची हाक ऐकून पार औशातले लोक ताटल्या घेऊन निघायचे, असं मी सांगतो तेव्हा बायको म्हणते, "थोडं कमी करा." बरं, औशाच्या अलीकडच्या नाक्यापर्यंत.

मी कपाळाला भस्म लावणारा माणूस. पण गल्ल्यावर बसलो की चर्चचं दार सरळ समोर, त्यामुळे रविवारची मिस्सा, म्हणजे त्यांची पूजा, मला शिवस्तुतीइतकीच पाठ. शेवटी सगळे उठून फादरच्या हातून प्रसाद घ्यायला पुढे जात. मावशी एकटी मागच्या बाकावर बसून राही.

कारण अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. तिच्या नवऱ्यानं तिचे पुढचे दात पाडले आणि नांदेडला जाऊन दुसरं घर मांडलं. पुढं मावशी एका टँकरवाल्याबरोबर राहू लागली. तो जयभीमवाला, शांत माणूस. दुष्काळात टँकरवाला म्हणजे राजा, आणि हा राजा स्वतःच्या दारची घागर सगळ्यांत शेवटी भरायचा. पण चर्चमधलं लग्न नवरा जिवंत असेपर्यंत सुटत नाही. म्हणून टँकरवाला हे मावशीचं पाप, आणि ते सोडल्याशिवाय माफी नाही, माफीशिवाय प्रसाद नाही.

मग टँकर उलटला आणि तो कंबरेखाली लुळा झाला. मावशी रोज सकाळी त्याला पाठीवर घेऊन उन्हात आणून बसवायची. यात थाप नाही. मी दुकान उघडताना बघायचो.

फादर केरळचा, मराठी पुस्तकातून शिकलेला. माणूस चांगला होता, हे आधीच सांगून ठेवतो. त्यानं खूप विचार करून वाट काढली: दोघांनी बहीण-भाऊ म्हणून राहावं, मावशीनं पाप कबूल करावं आणि प्रसाद घ्यावा. हे मला सांगताना मावशी इतकी हसली, की गोदामातले उंदीर देगलूरला पळाले.

"आप्पा, त्याचं हागणंमुतणं मी काढते. आता त्याला दादा म्हणू?"

त्याच नाताळात नवरा नांदेडहून आला. नवा टेरिलिनचा शर्ट. फादरपुढं गुडघे टेकून पापं सांगितली, मिशीपर्यंत आसवं आली, आणि पहिल्या ओळीत उभं राहून प्रसाद घेतला. मावशी मागच्या बाकावरून बघत होती. पस्तावा केला की देव माफ करतो, असं फादर सांगायचा. ह्यानं केला. बसस्टँडपर्यंत टिकला. संध्याकाळच्या गाडीनं गडी परत दुसरीच्या घरी.

पुढच्या उन्हाळ्यात टँकरवाला गेला. मी डोक्यावरून गुळाची ढेप पोचवायला मिशनच्या स्वयंपाकघरात गेलो, तर फादर चुलीपाशी उभा. आता अडसर राहिला नाही, असं तो तिला समजावत होता. फक्त झाल्या गोष्टीचा पश्चात्ताप होतो, एवढं म्हणायचं.

"कशाचा?" मावशीनं विचारलं.

"तुम्ही सेवा केली ते पाप नव्हे. त्याच्याबरोबर पत्नीसारखं राहिलात, तेवढ्याचाच."

मावशीनं पळी त्याच्यापुढं धरली. "ह्या लापशीतला गूळ तेवढा काढून दाखवा, फादर. मग म्हणते."

"क्षमा फुकट आहे, बाई. पण ती घ्यायला हात उघडा लागतो."

"हात उघडला तर त्यो सुटतोय न्हवं का."

फादर गेल्यावर मी म्हणालो, मावशी, म्हणून टाक की, कोण तपासायला येतंय. तिनं असं बघितलं, की माझ्या डोक्यावरची ढेप वितळली.

"प्रसाद मला पायजे, आप्पा. लई पायजे. ल्हानपणी आईच्या बोटाला धरून घेतलेला, त्याची चव हाय अजून तोंडात. पर देवाच्या घरात खोटं बोलून शिरू?"

दोन पावसाळे कोरडे गेले आणि मावशी सरकारी दवाखान्यात पडली. शुद्ध नाही, असं कळलं. भर दुपारी फादर माझ्या दुकानात आला, खिशात मरणाऱ्याच्या कपाळाला लावायच्या पवित्र तेलाची छोटी बाटली. म्हणाला, माणूस बेशुद्ध असला तरी आधी कधी पस्तावा बोलून दाखवला असेल, तर मला माफी देता येते. तुमच्याशी ती बोलायची. कधी काही म्हणाली?

आता मी म्हणजे पावशेराचं पोतं करणारा माणूस. सांगितलं, की गेल्याच महिन्यात ह्याच ओट्यावर बसून ढसाढसा रडली, छाती पिटली, चुकलं म्हणाली, भिजलेली साखर मला वाळवावी लागली.

फादर माझ्याकडं बघत राहिला. मावशीला रडताना कुणी बघितलेलं नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं. तरी तो जवळजवळ पळतच गेला.

उन्हं कलल्यावर परत आला. मावशी गेली होती. म्हणाला, मी प्रार्थना सुरू केली तेव्हा तिनं डोळे उघडले. मी म्हणालो, तुम्ही पश्चात्ताप केलात, आप्पांनी सांगितलं मला.

"मग?" मी विचारलं.

फादरनं तिचे शब्द तिच्याच बोलीत सांगितले. "आप्पा लई लबाड हाय, फादर. त्याचं काय ऐकता."

एवढं बोलून तिनं तोंड भिंतीकडं केलं. त्यानं आणखी दोनदा विचारलं. नंतर विचारायला कुणी राहिलं नाही.

मी मान खाली घालून वजनं पुसत बसलो. फादर म्हणाला, "तुम्ही खोटं बोललात, ते मला इथंच कळलं होतं. ते खरं आहे असं मी धरून चाललो, हे माझं पाप. मी दुसऱ्या फादरकडं त्याची माफी मागायला जाईन, आणि मला ती लगेच मिळेल."

मी त्याच्यापुढं स्टूल सरकवलं. तो बसला नाही.