आईच्या उशाशी लाल ठिपका

काल वायरमननं अंगणातल्या दिव्याचं इंडिकेटरवालं बटण बसवलं. सोललेल्या वायरीचा रबरी वास आला आणि मला आष्टीचं घर आठवलं.

थोरला भाऊ ऊसतोडीला गेला आणि तिकडंच ट्रॉलीखाली सापडून वारला. आई ते मानतच नव्हती. माणूस ऊसतोडीच्या टोळीवर असेतोवर दिवेलागणीला बाहेरचा बल्ब लावायचा, ही आमच्याकडची रीत. खाटेवरून ती सारखी विचारायची, "बाहेर उजेड हाय का?" शेवटी वडलांनी, अण्णांनी, तिच्या उशाशी त्या बल्बचं असंच इंडिकेटरवालं बटण बसवून घेतलं. बटण बसवणारे रफीकचाचा त्यांना म्हणाले, "ध्यानात ठेवा, बल्ब उडाला तरी हे लाल लागणारच."

त्या संध्याकाळी लाल ठिपका बघत आई पोटभर जेवली. मी खरकटं टाकायला बाहेर आले, तर अंगणात अंधार. अण्णा ओट्यावर बसलेले, उपरण्यात गरम बल्ब.

"अण्णा, बल्ब कावून काढला?"

"तिला लाल दिसतंय न्हवं? मग राहू दे," ते म्हणाले. "उजेडात अंगण लई रिकामं दिसतंय."

तेव्हा मला त्यांचा राग आला होता.

काल वायरमननं बटण दाबून दाखवलं. अंगणभर उजेड पडला, आणि अण्णा म्हणाले होते तसंच दिसलं.