बटणाचं माप

गळ्यात टेप नसलेली टेपमावशी गल्लीत कुणी पाहिली नव्हती. सव्वीस वर्षं खिडकीजवळच्या मशिनवर बसून तिनं अख्ख्या गल्लीचे कपडे शिवले. कुणाचं पोट सुटलं, कुणाचा खांदा उतरला, हे डॉक्टरच्या आधी तिला कळायचं. "माझं माप चुकत नाही," ती म्हणायची. माणसांपुरतं ते खरंही होतं.

तीन वर्षांपूर्वी तिनं परसात ठेंगण्या जातीची शेळी आणली. नाव ठेवलं बटण. बटणला लेक झाली, ती अर्थातच काज. मावशीचा धाकटा भाऊ सुतार. घर दोघांचं, आणि परसात त्याला कामासाठी शेड हवी होती.

"ताई, ठेंगणी म्हणून साधी शेळी गळ्यात मारलीय तुझ्या," तो एक दिवस म्हणाला. "प्रदर्शनात ने. खरी ठेंगणी निघाली तर दोघी राहू देत. नाहीतर दोघी बाजारात."

प्रदर्शनाचा नियम होता, खांद्यापाशी उंची बावीस इंचांच्या आत. मावशीनं टेप लावली. साडेबावीस! मग रोज सकाळी माप, आणि रोज तेच. भावाच्या पेटीत सरळ पट्टी होती, काटकोन बघायचा गुण्या होता, पण त्याच्याकडे मागायचं म्हणजे आपल्या हातानं त्याला कोलीत देणं.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी तिनं खूर कापायची कात्री घेतली. खूर आठवड्यापूर्वीच कापून झाले होते. तरी तिनं पुढचे दोन्ही आणखी कापले. डाव्या खुरातून रक्ताचा थेंब आला आणि बटण ओरडली. मावशीनं फडकं दाबून धरलं, पुन्हा टेप लावली. बावीसला किंचित वरच.

मैदानात दोरी बांधून रिंगण केलं होतं. बटण एकटी राहत नाही म्हणून काजही बरोबर आणली होती. पुढच्या माणसाची शेळी बोटभर उंच भरली. तो मान खाली घालून निघून गेला आणि मावशीनं बटणला पुढे घेतलं. दोरीपलीकडे कानावर पेन्सिल खोचून भाऊ उभा होता.

चष्मेवाल्या पंचबाईंनी लाकडी दांडी बटणजवळ सरळ उभी केली. वरची आडवी पट्टी सरकत सरकत खांद्यावर टेकली.

"एकवीस," बाई म्हणाल्या.

मावशीला खरं वाटेना. त्यांनी पुन्हा मोजलं. एकवीसच. तिला नाचावंसं वाटलं.

"आता चालवून दाखवा."

चार पावलं बटण नीट चालली. पाचव्याला लंगडली. बाईंनी खाली बसून डावा खूर हातात घेतला. बटणनं पाय ओढला आणि डोकं मावशीच्या काखेत खुपसलं.

"काय झालंय इथं? दगड लागला का वाटेत?"

नुसतं 'हो' म्हटलं की झालं असतं. दगडाला कोण साक्षीला बोलावणार? मावशीनं तोंड उघडलंही. पण काखेतलं ते डोकं गरम होतं, आणि ज्या हातानं कात्री चालवली त्याच हाताला ते बिलगलं होतं.

"मी कापलाय," ती म्हणाली. "उंची कमी व्हावी म्हणून."

बाईंनी चिठ्ठी लिहून हातात दिली. "नियम आहे. या वर्षी बाद."

खूरही गेला आणि बक्षीसही. मावशी दोरीखालून बाहेर आली आणि तिनं चिठ्ठी भावाला दिली. तो ओठ हलवत वाचू लागला. "जात ठेंगणी. उंची एकवीस इंच. अपात्र, मालकानं खूर कापला." त्यानं ते दोनदा वाचलं.

"घरी किती भरत होती?"

"साडेबावीस."

"कशी मोजलीस?"

तिनं गळ्यातली टेप काढून बटणला लावून दाखवली. खुरापासून पायावरून, खांद्याच्या फुगीर गोलाईवरून, कपडा अंगावर बसतो तशी. मोजता मोजताच तिला कळलं आणि हात थांबला.

"अगं, तिला झगा शिवायचा होता का?" भाऊ म्हणाला. "उंची सरळ मोजायची असते! मला विचारलं असतंस तर मिनिटात सांगितलं असतं."

"तुला कसं विचारणार?" मावशी म्हणाली. "तूच बाजाराचं बोललास."

चिठ्ठीची घडी करून त्यानं खिशात ठेवली.

"ठेंगणी आहे असं लिहिलंय ना. मग राहू देत दोघी. आणि पुन्हा तिच्या खुराला कात्री लावलीस तर तुलाच बाजारात नेईन."

त्यानं बटणला उचलून खांद्यावर घेतलं. काजला घेऊन मावशी मागून चालू लागली. दुखरा पाय तिच्या डोळ्यांसमोरच लोंबत होता. बटण मात्र भावाच्या खांद्यावरून तिच्याकडेच बघत होती, रोज चाऱ्याच्या वेळी बघायची तशीच, आणि ते काही मावशीला सोसेना.