अंजनाबाईची ओट्यावरची जागा

मालाडच्या मासळी बाजारात शिरल्याबरोबर अंजनाबाईचा ओटा लागतो. काय आवाज होता बाईचा! मी अख्खी हयात रंगमंचावर घालवली, पण शेवटच्या रांगेपर्यंत असा पोचणारा आवाज माझ्या नशिबी नव्हता. ‘ये गो सूनबाई, पापलेट घे, नवरा खूश होईल!’ असं ती मला, सत्तरीतल्या विधवेला, ओरडून सांगायची आणि बाजार हसायचा.

मग तो आवाज बंद झाला. कुणी गेलं नव्हतं, होडी बुडाली नव्हती. बाई जेवेना, अंघोळ करेना, भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागली. आधी भगत झाला, नवस झाले. शेवटी शेजारच्या ओट्यावरची विनिता तिला पालिकेच्या रुग्णालयात घेऊन गेली. डॉक्टर नैराश्य म्हणाले. गोळ्या दिल्या, वेळ लागेल म्हणाले.

बाजाराची रीत अशी, की ओटा फार दिवस रिकामा राहिला तर दुसरीला जातो. ओटा गेला असता तर अंजनाबाईला घराबाहेर पडायला कारणच उरलं नसतं. म्हणून कोळणींनी ठरवलं, तिला रोज आणून बसवायचं. एक जण रिक्षातून आणते, दुसरी चहाबरोबर गोळी देते. लिलावात तिची मासळी विनिता उचलते, भावही विनिताच सांगते. अंजनाबाई पाटीमागे बसून असते. डोळे उघडे, पण कुणाकडे नाहीत.

मी समोर उभी राहून नाटकाच्या दौऱ्यांचे जुने किस्से सांगते. ती ऐकते का, कळत नाही.

“आजी, पडदा पडला तरी तू थांबत नाय,” विनिता म्हणते.

गेल्या आठवड्यात एक गिऱ्हाईक सुरमईवर घासाघीस करत होतं. “ही बाई बोलत का नाही?”

“आज मूड नाय तिचा.”

“आज? मी दिवाळीपासून बघतोय.”

“मग दिवाळीपासून नाय. तुला मासळी पायजे का गप्पा?”

त्याने निम्मा भाव सांगितला. दुपार होत आली होती, बर्फ वितळत होता. “ने बाबा,” विनिता कंटाळून म्हणाली. सुरमई त्याच्या पिशवीत पडली, तोच अंजनाबाईचा हात पुढे आला. तिने मासा बाहेर काढला, पाटीत ठेवला आणि वर बर्फ सारला. माणूस बडबडत निघून गेला.

“बघा गो!” विनिता ओरडली. “मुकी झाली तरी महागच!”

बायका हसल्या. अंजनाबाई हसली नाही. पदराला हात पुसून ती होती तशी बसली. मला एरवी कशानेही रडू येतं. त्या दिवशी तेही आलं नाही.

आता गिऱ्हाईक आलं की विनिता आधी तिच्याकडे वळते. “काय गो, किती सांगू?”

विनिता तिच्या हाताकडे बघते, मग स्वतःच आकडा सांगते.