बोल ताई, ऐकतोय

कपडे शिवणाऱ्या ताईचा धाकटा भाऊ साठीत पुन्हा गाजला. मधली वीस वर्षं या गवयाला कुत्रं विचारत नव्हतं. आता गिटार आणि माउथ ऑर्गनवर स्वतःचीच गाणी म्हणत त्याने नवा अल्बम काढला आणि जो तो वाहवा करू लागला. गाणी कशावर? आईच्या शेवटच्या आजारपणावर.

गिऱ्हाइकं माप देता देता डोळे पुसायची. "काय सेवा केली हो तुमच्या भावाने आईची!" ताई तोंडातल्या टाचण्या तोंडातच ठेवायची. बोलणार काय, कपाळ?

म्हणे सेवा! दोन वर्षांत साहेब एकदाही फिरकले नव्हते. भरवणं, कुशीवर वळवणं, चादरी बदलणं, सगळं हिच्या अंगावर. तो नुसता संध्याकाळी फोन करायचा. "बोल ताई, ऐकतोय." ताई मशीन थांबवून मन मोकळं करायची. आज आई बटणं मोजत बसली, आज मला शेजारीण समजून माझ्याच चुगल्या मला सांगितल्या. पलीकडे हळूहळू तारा वाजत. हिला वाटायचं, रडू लपवायला वाजवतोय बिचारा. कसलं रडू आणि कसलं काय! मेला चाल लावत होता.

दुकानातल्या रेडिओवर पहिलं गाणं लागलं तेव्हा तिने कात्री खाली ठेवली. बटणं तीच, शेजारीण तीच, शब्दसुद्धा तिचेच. पण गाण्यात आईच्या उशाशी तो बसला होता आणि ताईचा कुठे पत्ताच नव्हता. परक्याने लुटलं असतं तर बोंब तरी मारता आली असती.

आई गेल्यावर बंद पडलेला त्याचा फोन परवा आला.

"ताई, अल्बमची नवी आवृत्ती निघतेय, तीत आणखी एक गाणं घालायचंय. आई शेवटी काय बोलली गं? तेवढं तू सांगितलंच नाहीस. बोल, ऐकतोय." मागे तारा वाजल्या.

आई बोलली होती. "तो आला का?" आणि ताईने सांगितलं होतं, "आलाय. बाहेर गिटार लावतोय." म्हातारी हसली आणि गेली. हिने हाडाची काडं केली आणि म्हातारीने शेवटी चौकशी केली ती त्याची! हे एक दिवस त्याच्या तोंडावर फेकायचं, मेल्याचा जीव जळाला पाहिजे, असं तिने कितीदा मनाशी घोकलं होतं. पण जीव कसला जळतोय! त्याचंही गाणं होईल आणि लोक पुन्हा डोळे पुसतील.

"काही नाही बोलली."

"अगं, काहीतरी असेलच ना?"

"झोपेतच गेली."

तिने फोन टेबलावर तसाच चालू ठेवला आणि मशीन सुरू केलं. पलीकडून बराच वेळ "ताई, ताई" ऐकू येत होतं. तिने बाही शिवून पुरी केली.