मोगली एरंडाची पंगत

परवा कुंपण छाटताना मोगली एरंडाचं एक वाळकं फळ पायाखाली फुटलं आणि मी जागीच थबकले. अनसिंगला आमच्या मळ्याला याच झाडाचं कुंपण होतं, कारण गुरं त्याला तोंड लावत नाहीत. गुरांना कळायचं ते मला आठव्या वर्षी कळत नव्हतं. इंग्रजांच्या काळातली ती उन्हाळी दुपार; आम्ही पोरींनी बाहुला-बाहुलीचं लग्न लावलं. बाहुली माझी, म्हणून पंगतही माझ्याकडे. त्या बियांचं काळं टरफल सोललं की शेंगदाण्यासारखा पांढरा दाणा निघतो. मी ते पळसाच्या पानांवर वाढले. "गोड लागते वं!" पाहुण्या झालेल्या पोरी म्हणाल्या. बाहुल्याची आई झालेली माझी मैत्रीण दोन-तीन दाण्यांवर थांबली, तसा मी तिचा हात धरला. "असं कसं इहीनबाई? घ्या नं अजून, तुमाले माही शपथ हाय!" विहिणीचा मान म्हणून तिने ओंजळभर खाल्ले. मुलीकडच्यांनी शेवटी जेवायचं, म्हणून मी उपाशीच होते. तासाभरात सगळ्या ओकू लागल्या. मैत्रीण तर ओकून ओकून पांढरीफटक पडली. तिला बैलबंडीत घालून वाशीमच्या दवाखान्यात नेताना तिच्या आईने माझ्याकडे वळून विचारलं, "समद्याईनं खाल्लं, मंग तुनंच काहून नाही खाल्लं वं?" मैत्रीण वाचली, पण आमच्या अंगणात पुन्हा कधी आली नाही. आजही पाहुणा "पुरे" म्हणाला की मी वाढायचा हात तिथेच मागे घेते. सोयरे मला चिक्कू म्हणतात. म्हणोत.