शेजारचे उमेदवार

निजामाच्या कायदेमंडळाची निवडणूक लागली, तेव्हा तहसीलदारांनी मुरुममधल्या आमच्या शेजाऱ्यांना उभं केलं. त्यांचं तेलाचं दुकान होतं. दुसऱ्याच दिवशी, ही निवडणूकच नको म्हणणाऱ्या बहिष्कारवाल्यांनी त्यांच्या दारावर कोळशानं फुली मारली. गृहस्थ मुळातच भित्रे. गिऱ्हाइकाला भाव सांगतानाही आधी रस्त्याकडं बघायचे आणि शेवटी "व्हय न्हवं?" विचारायचे.

मत मागायला आले तेव्हा तहसीलचा शिपाई त्यांच्या मागं होता. आमच्या घरात मत एकच, मालकांचं, आणि मालक बाजारात गेलेले. शेजाऱ्यांनी दारातूनच हात जोडून मोठ्यानं मत मागितलं. शिपाई बिडी पेटवायला वळला, तसे ते पुढं वाकून पुटपुटले, "वैनी, मालकांना सांगा, मला मत देऊ नका. निवडून आलो तर बहिष्कारवाले मारतील, अन् माघार घेतली तर साहेब सोडायचा न्हाय. पडलो तरच जगतो, व्हय न्हवं?"

मी म्हटलं, "मग असे हात जोडू नका. लोकांना कीव येईल अन् मतं पडतील."

त्यांनी हात झटकन सोडले. तेवढ्यात शिपाई वळला, आणि त्यांनी ते पुन्हा जोडले.